वीतभर उजवीकडे

भाग्यलक्ष्मीला चव्वेचाळिसावं लागलं होतं आणि तिला कराटेतला काळा पट्टा हवा होता. हे ऐकून ज्यांना हसू आवरत नसे त्यांत तिचा नवरा पहिला आणि त्याच्या पाठोपाठ सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातलं तिचं अख्खं सेक्शन. तिनं कुणाचं मनावर घेतलं नाही. चौदा वर्षांपूर्वी ती मुलीला क्लासला सोडायला म्हणून तारनाक्याच्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलवर गेली होती. नुसतं बसून पाय आखडतील, त्यापेक्षा उभी राहा, असं शिवराज सर सहज म्हणाले आणि ही खरंच उभी राहिली. मुलगी तीन महिन्यांत कंटाळली. आई राहिली.

आता मात्र ही नुसती हौस राहिली नव्हती. शिवराज सर रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि महिनाअखेर ते मुलीकडे लातूरला कायमचे राहायला निघाले होते. कराटे असोसिएशनचं पत्र आलं होतं की क्लास चालवायला काळ्या पट्ट्याचा माणूस हवा, नसेल तर मान्यता संपली. सरांनी घडवलेले काळे पट्टे होते, पण कुणी बेंगळुरूला, कुणी अमेरिकेला. तारनाक्याला उरल्या होत्या एक पायरी खालच्या, ब्राउन पट्ट्याच्या दोघी. एक भाग्यलक्ष्मी आणि दुसरी राणी, एकोणीस वर्षांची, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. दोघींची परीक्षा एकाच रविवारी, नामपल्लीच्या एका हॉलमध्ये होती. दोघींतली एक जरी पास झाली तरी क्लास वाचणार होता. नाही तर हॉलची कमिटी झुंबावाल्यांना जागा द्यायला टपलेलीच होती आणि चौतीस मुलं, त्यातल्या सव्वीस मुली, घरी बसणार होती.

राणी हुशार होती, पण परीक्षेत घाबरायची. मागच्या वेळी कॉलेजच्या स्पर्धेत ती मधेच सगळं विसरून नुसती उभी राहिली होती. तेव्हा भरवसा होता तो भाग्यलक्ष्मीवर. सर तिला रोज म्हणायचे, ‘‘तूच आहेस बघ आता.’’ ती मान हलवायची आणि घरी येऊन तिला जेवण जायचं नाही.

परीक्षेचा काता होता बासाई दाई. काता म्हणजे समोर शत्रू आहे असं धरून, एकट्यानं, ठरलेल्या क्रमानं करायच्या चाली. बासाई दाईत अशा चाळीसच्या वर हालचाली आहेत आणि भाग्यलक्ष्मीला तो झोपेतून उठवलं तरी आला असता. मध्यावर एक जागा येते: तीन पावलं सरळ पुढे, प्रत्येक पावलाला हाताच्या कडेनं अडवणं, आणि मग एक पाऊल मागे. मुलं दबक्या आवाजात ‘‘तीन पुढं, एक मागं’’ म्हणत ते पाठ करायची. आणि कात्याचा जुना नियम असा की जिथून सुरू केलं बरोबर तिथंच येऊन संपलं पाहिजे.

परीक्षेला दहा दिवस असताना शर्वरीनं तिला क्लासनंतर थांबवलं. शर्वरी म्हणजे हायटेक सिटीत नोकरीला आलेली पुण्याची मुलगी. तीही ब्राउन पट्टा, पण नोंदणी दुसऱ्या संघटनेत, म्हणून या परीक्षेत तिचा उपयोग नव्हता. तीन आठवडे ती क्लासला येत होती आणि तीन आठवडे सगळी पोरं तिच्यावर हसत होती, कारण बासाई दाई संपला की रांगेतल्या सगळ्यांपेक्षा ही बया एक वीत डावीकडे उभी असायची. भाग्यलक्ष्मीनं स्वतः तिला तीनदा सांगितलं होतं, तिसऱ्या वेळी जरा आवाज चढवूनच, की पावलांकडे लक्ष दे.

‘‘ताई, रागावणार नसाल तर एक दाखवू?’’ शर्वरी म्हणाली. तिनं फरशीवर चिकटपट्टीची फुली केली आणि भाग्यलक्ष्मीला त्या फुलीवरून काता करायला सांगितला. भाग्यलक्ष्मीनं केला, अगदी तब्येतीत. संपल्यावर खाली पाहिलं तर फुली तिच्या डाव्या पायाच्याही बाहेर होती. पुन्हा केला. पुन्हा तेच. मग शर्वरीनं मोबाइलवर पुढून काढलेला व्हिडिओ दाखवला. तीन पावलांतलं तिसरं सरळ पडत नव्हतं, उजवीकडे सरकत होतं, आणि तिथून पुढचा सगळा काता त्या तिरक्या रेषेवर चालत होता.

भाग्यलक्ष्मीला राग आला, आणि तो सरळ शिवराज सरांवर आला. चौदा वर्षं शिकवलं आणि पाऊल वाकडं शिकवलं. रात्रभर ती त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी ती किल्ली घेऊन एकटीच हॉलवर गेली. क्लासची रीत अशी होती की सगळ्यांत जुना विद्यार्थी पहिल्या रांगेत उजव्या टोकाला उभा राहायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून करायचं. नऊ वर्षं ती जागा तिची होती. ती तिथं उभी राहिली आणि एकेक हालचाल सावकाश करत गेली. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिसऱ्याला तिच्या समोर, किंचित डाव्या अंगाला, हॉलचा खांब आला. पाऊल आपोआप उजवीकडे वळलं. खांबावर कोपराच्या उंचीला रंगाचा पोपडा गेलेला होता, आतलं सिमेंट गुळगुळीत झालेलं. तिनं त्यावर कोपर टेकवलं. बरोबर बसलं.

मागं टेबल टेनिसचं टेबल, म्हणून रांगा मागं सरकत नव्हत्या. सर ऑपरेशननंतर इतकी वर्षं दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि बाजूनं बघणाऱ्याला पाऊल उजवीकडे गेलं की डावीकडे, काही कळत नाही. खांबाला कोपर लागू नये म्हणून ती अंग चोरत गेली, तिच्याकडे बघून मागची रांग तशी वळली, त्यांच्याकडे बघून त्यांच्या मागची. पुढं ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं की सरळ चालणारी शर्वरीच चुकीची ठरली. सरांनी वाकडं शिकवलं नव्हतं. तिनं शिकवलं होतं, चौतीस मुलांना, आणि त्यांत राणीलाही.

ती तिथंच फरशीवर बसून राहिली. ऑफिसला उशीर झाला.

मग सुरू झाले ते नऊ दिवस. पहाटे साडेपाचला युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या बॅडमिंटन कोर्टावर ती आणि शर्वरी. कोर्टाची पांढरी रेघ पायांखाली धरायची आणि तिसरं पाऊल रेघेवर टाकायचं, बस्स एवढंच. ऐकायला काही वाटत नाही. पण नऊ वर्षांची सवय जाता जात नव्हती. डोकं सांगायचं सरळ, मांडी वळायची उजवीकडे. पहिल्या दिवशी पन्नासात सदतीस वेळा पाऊल रेघेबाहेर गेलं. पाचव्या दिवशी बारा वेळा. शर्वरी जोरात टाळी वाजवून दचकवायची, कारण घाईत आणि भीतीत शरीर जुन्या वाटेनं पळतं हे तिला माहीत होतं. आठव्या दिवशी चार.

‘‘राणीला कधी सांगणार?’’ शर्वरीनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

भाग्यलक्ष्मीकडे उत्तर तयार होतं. राणी आधीच घाबरट. आत्ता सांगितलं तर तिचं जुनंही जाईल आणि नवंही बसायचं नाही. शिवाय ती क्लासभर सांगेल, सरांच्या कानावर जाईल, त्यांचं बीपी वाढेल. जाताना त्यांना हे कशाला ऐकवायचं? आणि परीक्षक बघून न बघितल्यासारखंही करतात कधी कधी. राणी लहान आहे, तिला पुढच्या खेपेलाही देता येईल. शर्वरीनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त खांदे उडवले. ती बाहेरची होती, तिनं जास्त बोलायचं तरी कसं? सातव्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा भाग्यलक्ष्मी तिच्यावर खेकसली.

क्लासमध्ये ती रोज खांबाशी उभी राहायची आणि वाकडं पाऊल टाकायची. शेजारी राणी डोळ्यांत तेल घालून तिच्या पायांकडे बघायची आणि तसंच्या तसं करायची. एकदा तर तिनं विचारलं, ‘‘अक्का, बरोबर यायलंय ना माझं?’’ भाग्यलक्ष्मी हौ म्हणाली.

रविवारी नामपल्लीच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मुख्य परीक्षक सोलापूरच्या सुजाता मॅडम. पन्नाशीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेले. त्यांनी सकाळपासून अकरा जणांची परीक्षा घेऊन सात जणांना घरी पाठवलं होतं आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. टेबलाच्या एका बाजूला क्लासच्या शिक्षकांच्या खुर्च्या होत्या, तिथं शिवराज सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. फरशीवर लाल पट्टीच्या दोन फुल्या होत्या. त्या बघून भाग्यलक्ष्मीनं मनातल्या मनात तिसरं पाऊल एकदा टाकून बघितलं.

एका क्लासचे दोघं एकदम करणार होते. जुना उजवीकडे, नवा डावीकडे. नावं पुकारली गेली. भाग्यलक्ष्मी उजव्या फुलीवर, राणी डाव्या. वाकून नमस्कार केला. राणीनं तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, ओठ नुसते ताणले गेले. भाग्यलक्ष्मीला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं की आपण सरळ जाणार आहोत आणि ही पोरगी आपल्या अंगावर येणार आहे. इतके दिवस तिनं आपल्या पावलापुढचं काही पाहिलंच नव्हतं.

‘‘हाजिमे,’’ मॅडम म्हणाल्या. सुरू.

पहिली उडी छान पडली. वळणं छान पडली. दोघींच्या बाह्यांचा फट् असा आवाज एकदम येत होता आणि त्या आवाजानं भाग्यलक्ष्मीला धीर आला. मग ती जागा आली. एक. दोन. तिसऱ्याला मांडी उजवीकडे ओढ घ्यायला लागली, तिला ती ओढ स्पष्ट जाणवली, आणि तिनं पाऊल दात-ओठ खाऊन सरळ टाकलं. सरळ पडलं. त्याच वेळी राणीच्या बोटांची टोकं तिच्या डाव्या बाहीला चाटून गेली. राणी दचकली. एका श्वासापुरती ती थांबली, आणि भाग्यलक्ष्मीला वाटलं, गेली ही, आता विसरणार. पण राणी विसरली नाही. तिनं काता पुरा केला, नेटानं, शेवटच्या हालचालीपर्यंत. फक्त संपताना तिची फुली तिच्या डाव्या पायाच्या बाहेर वीतभर होती आणि भाग्यलक्ष्मी आपल्या फुलीच्या बरोबर मध्यावर होती.

मॅडम उठून पुढं आल्या. त्यांनी राणीला हिंदीत विचारलं की सुरू कुठून केलं होतंस. राणीनं खाली बघितलं. तिचं तोंड उतरलं. मग मॅडमनी विचारलं की तुमच्याकडे असंच शिकवतात का.

राणीनं शेजारी पाहिलं. अक्काचे पाय, मधोमध लाल फुली. तिनं ते नीट बघून घेतलं आणि मॅडमकडे वळली. ‘‘नाही मॅडम,’’ ती गडबडून मराठीतच बोलली. ‘‘आमच्याकडं बरोबर शिकवतात. अक्काचं बघा की. मीच चुकले.’’

ती सरांना वाचवायला खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. तिला ते खरं वाटत होतं. अक्का सरळ गेली म्हणजे सरळच शिकवलेलं असणार आणि आपलंच पाऊल कधीतरी वाकडं झालं असणार, इतका तिचा साधा हिशोब होता. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या जोडीला हाक मारली.

आता फक्त वाकायचं आणि बाहेर जायचं. पट्टा मिळाल्यात जमा होता. क्लास वाचला होता, चौतीस मुलं वाचली होती, सर निवांत लातूरला गेले असते. राणीला भाग्यलक्ष्मीनं नंतर शिकवलं असतं, सहा महिन्यांत ती पास झाली असती, आणि आपलं पाऊल कुणामुळं वाकडं झालं होतं हे तिला जन्मात कळलं नसतं. परीक्षेच्या फरशीवर विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा नियमही भाग्यलक्ष्मीच्या बाजूनं होता. राणी वाकली. भाग्यलक्ष्मी वाकली. राणी मागं सरकली. भाग्यलक्ष्मीला हलता येईना.

‘‘मॅडम, तिची चूक नाही,’’ ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. ‘‘ती माझं बघून शिकली. आमच्या हॉलमधी खांब आहे, मी त्याला चुकवत आले, नऊ वर्षं. सगळे पोरं तसंच करायलेत. मला नऊ दिवसामागं कळलं. मी माझं सुधारलं आणि हिला सांगितलं नाही.’’

सुजाता मॅडमनी पेन खाली ठेवलं.

खुर्च्यांकडून काठीचा आवाज आला. शिवराज सर उभे राहिले होते. ‘‘मी तिथंच बसलेलो असतो, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘मलाही दिसलं नाही. ते पण लिहा.’’

मॅडमनी त्यांना हातानं बसायची खूण केली. मग त्या भाग्यलक्ष्मीकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या की जेवणानंतर या मुलीचा काता पुन्हा बघेन. ‘‘तोवर दोन तास आहेत. वाकडं तुम्ही केलंत, सरळ तुम्हीच करा.’’

हॉलच्या मागं गाड्या लावायच्या जागेत फरशांची लांब रेघ होती. तिथं दोघी उभ्या राहिल्या. भाग्यलक्ष्मी सांगायची, ती करायची. पहिल्या दहात आठदा पाऊल उजवीकडे गेलं. भाग्यलक्ष्मी शर्वरीसारखी टाळी वाजवायची, मधेच तिच्या उजव्या बाजूला खेटून उभी राहायची म्हणजे तिकडं जायला जागाच नको. डोक्यावर ऊन होतं, कुणी जेवायला गेलं नाही. एकदा राणीचे डोळे भरले, तिनं बाहीनं पुसले आणि पुन्हा पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली. भाग्यलक्ष्मीला तिची माफी मागायची होती, पण दोन तासांतलं एक मिनिटही त्यासाठी काढायचा तिला हक्क वाटला नाही. शेवटच्या विसांत राणी दोनदाच चुकली.

अडीच वाजता राणी एकटी फुलीवर उभी राहिली. भाग्यलक्ष्मी भिंतीशी उभी होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता, स्वतःच्या वेळी लागला नव्हता इतका. एक. दोन. तिसरं पाऊल हवेत असताना राणीचं कंबरेपासूनचं अंग उजवीकडे झुकलं. मग ते अंग मधे आलं आणि पाऊल सरळ पडलं, इतक्या जोरात की फरशी वाजली. काता संपला तेव्हा लाल फुली तिच्या दोन्ही पायांच्या मधे होती. मॅडमनी तिचा निकाल तिथंच सांगितला. राणी पास.

भाग्यलक्ष्मीचा निकाल त्यांनी तिला बाजूला बोलावून सांगितला. काता स्वच्छ होता, त्या म्हणाल्या, सकाळपासूनच्या सगळ्यांत स्वच्छ. ‘‘चुकलात म्हणून नापास करत नाहीये. चुकीचं तर मीही शिकवलं असेल. नऊ दिवस शेजारी उभं राहून गप्प बसलात, म्हणून करतेय. सहा महिन्यांनी या.’’

ती हौ म्हणाली. तिला रडू आलं नाही. उलट नऊ दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

सर एका विद्यार्थ्याच्या गाडीतून गेले. जाताना त्यांनी राणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भाग्यलक्ष्मीच्याही. दोघी मेट्रोनं निघाल्या. अमीरपेटला गाडी बदलली, जागा मिळाली, तरी राणी मधे एक सीट सोडून बसली. पिशवीतला नवा पट्टा तिनं एकदाही काढून बघितला नाही. मेट्टुगुडा स्टेशन गेलं तेव्हा ती बोलली, समोरच्या काचेकडे बघत.

‘‘तुम्ही सांगितलं असतं तर मी शिकले असते, अक्का. दोन तासांत शिकले की.’’

‘‘हौ.’’

‘‘तुम्हाला वाटलं मला जमायचं नाही?’’

नऊ दिवस तयार असलेली सगळी उत्तरं भाग्यलक्ष्मीच्या तोंडाशी आली. घाबरट, लहान, सरांचं बीपी. एकही खरं नव्हतं. ‘‘नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘मी तुझा विचारच केला नाही.’’

राणीनं मान हलवली. तिला लागलं ते दिसलं. भाग्यलक्ष्मीनं नजर काढून घेतली नाही. तारनाका आलं. दोघी उतरल्या, जिना उतरून रस्त्यावर आल्या. राणीला डावीकडे जायचं होतं, तिला उजवीकडे. राणी दोन पावलं गेली आणि थांबली.

‘‘क्लास मंगळवारी सहाला,’’ ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्यात विचारणं नव्हतं, सांगणं होतं. ‘‘तुम्ही साडेपाचला या, अक्का. तुमचा डावा खांदा वर यायलाय. सहा महिने आहेत, मी करून घेते.’’